उपजेची पूर्वतयारी

वार्धक्य आले की निद्रा पातळ होते, आणि निद्रा पातळ झाली की घरातील पुष्कळ गोष्टी नव्याने कळू लागतात. आमच्या चिंचवडच्या घरी रात्री एकच्या सुमारास दाराची कडी वाजते. आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यातील दुसरी पाळी आटोपून कंपनीच्या बसने परत येतो, झाकून ठेवलेले अन्न गार असेल तसेच खातो, आणि मग गच्चीवर जातो. त्यानंतर तासभर वरून टुक् टुक् असा तारांचा बारीक आवाज येत राहतो. ही त्याची गिटार. विजेवर चालणारी आहे. परंतु घर झोपलेले असल्यामुळे तो ती विजेला न जोडताच वाजवितो. हिला पोकळ भोपळा नाही, त्यामुळे विजेवाचून तिचा आवाज जेमतेम वाजविणाऱ्यालाच ऐकू जावा इतका. आणि ज्याला झोप नाही अशा त्याच्या काकाला.

पहिल्या पगारातून त्याने ती घेतली त्यास आता पाच वर्षे झाली. घरात तिच्याविषयी एकमत कधीच नव्हते. आमच्या मातोश्रींचा प्रश्न एवढाच की, तारांचेच वाद्य हवे होते तर सतार काय वाईट होती. आमच्या सौभाग्यवतींच्या मते मुलगा व्यसनापासून दूर आहे हे काय थोडे झाले. धाकटे बंधू, म्हणजे मुलाचे वडील, यांचा मात्र सक्त विरोध. मुलगा सत्तावीस वर्षांचा झाला, स्थळे पाहणे चालू आहे, आणि रात्री दोन वाजता गच्चीवर बसून विलायती तारा छेडणाऱ्या मुलास शहाण्या घरची मुलगी कोण देणार, असे त्यांचे म्हणणे.

गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न आपोआप सुटतो की काय अशी वेळ आली. एका रविवारी सकाळी तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "अण्णा, मी गिटार विकून टाकतो." कारण विचारता कळले ते असे. पुण्यात काही हौशी मंडळी एकत्र जमून वाजवितात. तेथे हा गेला होता. बसविलेल्या चिजा याने बिनचूक वाजविल्या. पुढे सर्वांनी एक चाल धरली आणि प्रत्येकाने आपापल्या पाळीस त्या चालीवर मनचे काही वाजवावे असे ठरले. याची पाळी आली तेव्हा बोटे जागच्या जागी राहिली. "पाठ केलेले सगळे येते," तो म्हणाला, "पण आपले म्हणून काही वाजव म्हटले की मी मुका होतो."

हे ऐकून आम्ही थोडे चपापलो. सदतीस वर्षांच्या शिक्षकीत आम्ही मुलांकडून 'माझा आवडता ऋतू' आणि 'मी पाहिलेला सूर्योदय' हे निबंध पाठ करून घेतले. ज्यांनी सूर्योदय कधी पाहिला नव्हता त्यांनाही तो दहापैकी आठ गुणांचा दिसला. असले मुके विद्यार्थी आम्ही किती तयार केले असतील, याचा हिशेब आता कोण मांडणार! असो. विकण्याचा विचार महिनाभर पुढे ढकलावा आणि तोवर हे मनचे वाजविणे म्हणजे काय ते आम्हांस समजावून सांगावे, असे आम्ही त्यास सांगितले. शिकविता शिकविता कळते, हा मास्तरांचा जुना अनुभव आहे.

त्याने आरंभ 'ब्लूज' या प्रकारापासून केला. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्त्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाणे रूपास आले. विषय बहुधा दुःखाचा. परंतु रचना पाहावी तर मोठी रेखीव. चार मात्रांचा एक खंड, असे १२ खंड मिळून एक आवर्तन. म्हणजे ४८ मात्रांचा फेरा. पहिले चार खंड षड्जाच्या आधारावर, पुढील दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या. नंतर एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन परत षड्जाचे. शब्दांची मांडणीही तशीच ठरीव. एक ओळ म्हणावयाची, तीच दुसऱ्यांदा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. प्रत्येक ओळीच्या वाट्यास चार खंड येतात. पण गाणारा साधारण दोनअडीच खंडांत ओळ संपवितो आणि उरलेली जागा वाद्याकरिता मोकळी सोडतो. त्या मोकळ्या जागेत गिटारने जे बोलावयाचे तेच उपजेचे बीज. एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने उत्तरावे हा प्रकार आपल्या कीर्तनात काय, गोंधळात काय, ठायी ठायी आहे. त्यामुळे येथवर आम्हांस काही परके वाटले नाही.

स्वरांची गोष्ट याहून मौजेची आहे. ब्लूजचे मूळ स्वर पाच: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. हे ऐकताच मातोश्री आतून म्हणाल्या, "अरे, हा तर धानी!" आणि ते खरेच आहे, स्वर धानीचेच. त्यांत जाता येता तीव्र मध्यमाचा एक स्पर्श देतात, एवढेच. परंतु घोटाळा पुढेच आहे. खाली साथीला जो स्वरसमूह एकदम वाजतो, ज्याला ते कॉर्ड म्हणतात, त्यात षड्ज, शुद्ध गंधार, पंचम आणि कोमल निषाद असतात. म्हणजे खाली शुद्ध गंधार चालू असता वर कोमल गंधार लावावयाचा! आपल्या जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण ते एकामागून एक, आपापल्या वाटेने. येथे दोघे एकाच वेळी समोरासमोर. आम्ही कानांवर हात ठेवले. तेव्हा त्याने गिटारच्या पडद्यावर कोमल गंधार धरला आणि तार किंचित ओढली. स्वर कोमलावरून निघाला आणि शुद्धापर्यंत न पोहोचता मध्येच कोठेतरी थांबला. सतारीवर मींड घेतात तीच ही क्रिया. त्या अधल्यामधल्या जागेसाठी पाश्चात्यांच्या पियानोवर पट्टीच नाही. आमच्याकडे मात्र श्रुतिविचार जुना असल्यामुळे कान तिला लगेच ओळखतो. त्या जागेत जे करुण आहे ते शब्दांत सांगता येत नाही. आम्ही हात खाली घेतले.

आता गुरूविषयी. पिंपरीच्या एका कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले एक गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे हा शनिवारी जातो. त्यांची भेट घ्यावी म्हणून आम्हीही गेलो. कोकणीच्या वळणाने मराठी बोलणारे, वयाने आमच्याहून चारसहा वर्षांनी वडील. त्यांच्यापाशी बसल्यावर लक्षात आले की, ज्या संगीताला आम्ही सातासमुद्रापलीकडचे समजत होतो ते मुंबईत आमच्या जन्मापूर्वीच येऊन राहिले होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफर्ड आले. या ताफ्यांचे वादन मन लावून ऐकणाऱ्यांत, आणि पुढे त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्यांत, गोव्याची तरुण मंडळी होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे कागदावर लिहिलेले वाजविण्यात हे लोक तरबेज. अडचण एवढीच की, जॅझमध्ये खरे महत्त्व कागदावर नसलेल्याचे! वाचता येणाऱ्यांना न वाचता वाजवावयास शिकावे लागले. म्हणजे आमच्या पुतण्याचीच अडचण, ऐंशीनव्वद वर्षांपूर्वीची.

त्यांतून जे तरले त्यांची नावे आज फार थोड्यांस ठाऊक आहेत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्ड यांच्या ताफ्यात तुतारीसारखे ट्रंपेट हे वाद्य वाजवीत आणि नंतर चित्रपटसंगीतात गेले. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ यांना तर लोक 'हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. त्यांचे धंद्यातले नाव चिक चॉकलेट. आमच्या पिढीच्या आईबापांनी त्यांचे वादन नकळत पुष्कळ ऐकले आहे, कारण पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्यांस आपल्याबरोबर घेतले होते. १९५१ सालचा 'अलबेला' ज्यांनी पाहिला आहे त्यांना भगवान पालवांची पावले आठवतील. त्या पावलांखाली ताल कोणता होता हे आता आम्हांस कळले. आपल्या घरांतून ज्यांना 'उडती गाणी' म्हणून नाके मुरडली जात, ती गुणगुणली मात्र स्वयंपाकघरात सर्वांनीच. गिटारपुरते बोलावयाचे तर अमान्सियो डिसिल्वा हे नाव सांगावे लागेल. गोमंतकीय कुळातले, १९३६ साली मुंबईत जन्मलेले. पुढे लंडनला गेले आणि १९६९ साली 'इंटिग्रेशन' नावाची तबकडी केली. पिंपरीच्या त्या गृहस्थांनी ती आम्हांस ऐकविली. तीत गिटार मधूनच सतारीच्या चालीने चालू लागते, आणि त्याचा खुलासा करण्याची वादकास काही गरज वाटत नाही.

शिकविण्याची त्यांची रीत आम्हांस मास्तर म्हणून फार आवडली. "पाच वर्षे बोटांनी वाजवलेस, आता तोंडाने वाजव," असे ते म्हणतात. आधी गावयाचे, मग तेच तारेवर काढावयाचे. जे गाता येत नाही ते वाजवावयाचे नाही. पहिला पाठ अवघ्या तीन स्वरांचा: षड्ज, कोमल गंधार, मध्यम. बारा खंडांचे आवर्तन चालू ठेवावयाचे, दोन खंडांत एक लहानसे वाक्य बोलावयाचे आणि पुढील दोन खंड गप्प बसावयाचे. गप्प बसणे मुलास फार जड गेले. हातात वाद्य असता स्वस्थ बसणे म्हणजे ताटात लाडू असता उपास करण्यासारखे. परंतु त्या मौनात मागचे वाक्य कानात घोळते आणि पुढचे त्यातूनच निघते, असे पंधरा दिवसांनी त्याच्या लक्षात आले. पहिले वाक्य थोडे फिरवून पुन्हा म्हणावयाचे. एखादा स्वर लांबवावयाचा, शेवट बदलावयाचा. नवीन काही सुचलेच पाहिजे अशी सक्ती नाही.

लयीचा पाठ चालू असता आमची फजिती झाली ती सांगितली पाहिजे. हे लोक चार मात्रांतील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी देतात. आमचा जन्म समेची वाट पाहण्यात गेलेला. तीन दिवस आमची टाळी पहिलीवरच पडे आणि पुतण्या हसू दाबी. त्यांच्या 'स्विंग' नावाच्या चालीने मात्र आम्हांस पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. एका मात्रेचे दोन तुकडे करावयाचे, पण सारखे नव्हेत. पहिला लांब, दुसरा आखूड. मध्यम लयीत पहिला सुमारे दुसऱ्याच्या दुप्पट होतो आणि लय द्रुत होऊ लागली की दोघांतला भेद कमी होत जातो. "अरे, हा तर गुरू आणि हा लघू!" आम्ही म्हणालो. छंदःशास्त्रात गुरूच्या मात्रा दोन आणि लघूची एक, हे ज्याने लहानपणी घोकले आहे त्याला ही चाल कळावयास किती वेळ लागणार? त्या दिवसापासून मुलगा गच्चीवर 'गुरु-लघु, गुरु-लघु' असे पुटपुटत वाजवितो. छंदःशास्त्राचा असा उपयोग होईल हे आमच्या पाठशाळेतील शास्त्रीबुवांच्या स्वप्नातही आले नसेल.

पाठशाळेत समस्यापूर्ती चाले. श्लोकाचा शेवटचा चरण दिला जाई आणि उरलेले तीन चरण त्याच वृत्तात तत्काळ रचावयाचे. भोजराजाच्या सभेच्या कथा ऐकून आम्हांस वाटे की ही सरस्वतीची कृपा. ज्याच्यावर झाली त्याच्यावर झाली. आम्ही मात्र तिसऱ्या अक्षराशीच अडखळत असू. पुढे कळले की जे विद्यार्थी चटकन पूर्ती करीत त्यांना शेकडो श्लोक मुखोद्गत असत आणि गणांची बांधणी विचार न करता जिभेवर येई. मम्मटाचार्यांनी काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन अंगे सांगितली आहेत आणि ती तिन्ही मिळून एकच कारण होते असे म्हटले आहे. आयत्या वेळी सुचते ते आधी पुष्कळ साठविलेले असते म्हणून. पुतण्याने जे पाठ केले ते वाया गेलेले नाही, हे त्यास पटविण्यास आम्हांला हा आधार पुरेसा होता. त्याला मात्र पुरेसा नव्हता. त्याला अमेरिकन दाखला हवा होता, आणि तो त्याच्या गुरुजींनी दिला.

वेस माँटगोमेरी नावाचा एक गिटारवादक इंडियानापोलिस शहरी १९२३ साली जन्मला. वयाच्या विशीच्या आगेमागे याने गिटार गंभीरपणे हाती घेतली. चार्ली ख्रिश्चन या वादकाच्या तबकड्या ऐकून त्याने त्यांतील गती स्वरन् स्वर उतरवून घेतल्या. स्वरलेखन त्यास वाचता येत नव्हते. पहिले काम मिळाले ते त्या पाठ केलेल्या गती वाजविण्याचे. तेवढ्या झाल्या की व्यासपीठावरून खाली उतरावयाचे, कारण दुसरे काही येतच नव्हते! दिवसा कारखान्यात काम, रात्री वादन, घरी मोठे कुटुंब. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तो नखी न वापरता अंगठ्यानेच वाजवू लागला असे सांगतात. त्या अंगठ्याचा मऊ नाद हीच पुढे त्याची ओळख झाली. १९६० सालच्या त्याच्या तबकडीने त्याचे नाव जगभर गेले. १९६८ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. दुसऱ्याच्या गतीपासून निघून तो स्वतःच्या बोलण्यापर्यंत कसा पोहोचला, हे पुतण्याने आम्हांस दोन तबकड्या शेजारी ठेवून ऐकविले. कारखाना, रात्र आणि झोपलेले घर हे ऐकून मुलाचा चेहरा उजळला तो आम्ही पाहिला.

जॅझ याहून अवघड. ब्लूजमध्ये आधार तीनच. जॅझमध्ये तो खंडाखंडाला बदलतो, कधी एका खंडात दोनदा. रिषभ, पंचम, षड्ज या क्रमाने आधार फिरणे ही त्यातील नेहमीची वाट. रिषभाच्या कॉर्डमध्ये जो षड्ज असतो तो अर्धा स्वर उतरून पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद होतो. पंचमाच्या कॉर्डमधला मध्यम तसाच अर्धा स्वर उतरून षड्जाच्या कॉर्डमध्ये गंधारावर बसतो. या उतरणाऱ्या पायऱ्या ज्याला सापडल्या त्याच्या वाजविण्याला अर्थ येतो. इतरांचे नुसते धावणे. येथे आमचे आणि पुतण्याचे जमत नाही. घर दर चार मात्रांनी बदलावयाचे तर एका स्वराशी सुखाने बसावयाचे केव्हा, असा आमचा प्रश्न. तो म्हणतो, प्रवासातही माणसे बोलतातच की. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक हे पियानोवादक मुंबईस आले असता सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवावयास बसले होते. त्या दोघांचे जमले, म्हणून आम्हीही अजून आशा सोडलेली नाही.

खरी अडचण निराळीच होती, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. एके दिवशी जेवताना बंधूंनी विषय काढला. ते मुलास म्हणाले, "मीही पेटी वाजवीत असे. दहावीच्या वर्षी अण्णांनी ती माळ्यावर टाकली, म्हणून मी मार्गाला लागलो. विचार त्यांना."

ही गोष्ट १९८४ सालची. आमचे वडील तेव्हा नव्हते आणि घरचा कारभार आम्ही नवे नवे पाहत होतो. गुरुवारच्या भजनात बंधू पेटीवर अभंगाच्या चालीत आपल्या मनच्या फिरती घेई. आम्ही चार लोकांदेखत त्यास म्हणालो की, चाल आहे तशी वाजवावी, अक्कल पाजळू नये. आणि त्याच रात्री पेटी माळ्यावर चढविली. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, पेटी मात्र खाली आली नाही. बंधूंनी मागितली नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या मुलाचे हात शिकवणीवाचून जे करू पाहत होते त्याला उपज म्हणतात, हे आमच्या ध्यानात यावयास चाळीस वर्षे आणि पुतण्याची गिटार लागली.

सारे घर आमच्याकडे पाहत होते. आम्ही एवढेच म्हणालो की, ते चुकले होते; निकाल चांगला लागला तो तुझ्या हुशारीने, पेटी नसल्यामुळे नव्हे. बंधू काही बोलले नाहीत. ताक न घेताच पानावरून उठले. पुढे आठ दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे होते आणि गच्चीवरून आवाजही येत नव्हता.

नंतरच्या रविवारी दुपारी माळ्यावर खडखड ऐकू आली. बंधू शिडीवर होते आणि खाली पुतण्या पेटी झेलावयास उभा. फडक्याने पुसून ती पडवीत ठेवली. भाता एका कोपऱ्यात झुरळांनी खाल्लेला, पण वारा धरीत होता. "काय हवे तुला?" बंधूंनी मुलाकडे न पाहता विचारले. मुलाने सांगितले की बाराही खंड खालचा आधार कोणी धरील तर बरे पडेल, आणि क्रम सांगितला: चार षड्जाचे, दोन मध्यमाचे. बंधूंनी एकदा ऐकून घेतला. त्यांनी षड्ज, गंधार, पंचम एकदम दाबले. चौथ्या पट्टीतून नुसता वारा आला.

"याचा कोमल निषाद गेला," ते म्हणाले.

"बाबा, नेमका तोच हवा होता," पुतण्या म्हणाला.

तिघांनी पेटीभोवती बसून झाकण काढले. सूर जागेवर होता, त्यावर गंज चढला होता. बंधूंनी पानशेतच्या सहलीत घेतलेल्या जुन्या चाकूच्या टोकाने तो खरवडून पाहिला. आवाज निघाला, पण तो कोमल निषादापेक्षा किंचित खालचा. पुतण्या म्हणाला, हाच ठेवा, हाही चालतो. बंधूंना ते पटले नाही. पेटी दुरुस्तीस पुण्यास न्यावयाची असे ठरले आहे. पुढील रविवारी मुलाची कोणती पाळी लागते ते पाहून निघावयाचे.